सासऱ्यांच्या रिपोर्टवर 'कोरोनाव्हायरस' आलंय, आता काय करू?

प्रश्न: आम्ही डोंबिवलीला राहतो. सासरे ७६ वर्षांचे. डायबेटीस आणि बीपी दोन्ही आहे. एका लग्नाहून आल्यावर त्यांना सर्दी-खोकला झाला. मेडिकलवाल्याने अझिथ्रोमायसिन दिली, पण फरक पडला नाही. मग धाप लागायला लागली म्हणून ॲडमिट केलं. तिथे नाकातून स्वॅब घेऊन मोठी तपासणी केली, त्यात 'कोरोनाव्हायरस ओसी४३ : डिटेक्टेड' असं आलं. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, हा तो नव्हे. ऑक्सिजनची गरज संपली तसं घरी सोडलं. पण रिपोर्ट नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला आणि तिथून सोसायटीत पोचला. कामवाल्या मावशींना गेटवर अडवलं. माझे यजमान म्हणतात, साधी सर्दी आहे, उगाच बाऊ करू नका. सासूबाई २०२१मध्ये कोविडने गेल्या, शेवटची भेटही झाली नाही. आता बाबा खोलीचं दार लावून बसतात. 'मलाही तसंच नेणार' म्हणतात आणि दोन दिवस धड जेवलेले नाहीत. शुगरसाठी ग्लिमेपिराइडची गोळी चालू आहे. घरात चार वर्षांचा मुलगा आहे. हा दुसरा कोरोना कुठून आला? आम्हाला कोणी कधी सांगितलं कसं नाही? त्यांना वेगळं ठेवायचं का, किती दिवस? सोसायटीला काय सांगू?

उत्तर:

ताई, बाकी सगळं नंतर, आधी त्यांच्या साखरेकडे बघा. दोन दिवस पोटात धड अन्न नाही आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. ही गोळी जेवण होवो न होवो, साखर खाली ओढतच राहते. या वयात साखर उतरली तर दरवेळी घाम, थरथर दिसेलच असं नाही. कधी माणूस नुसता गुंगीत राहतो, असंबद्ध बोलतो, आणि घरच्यांना वाटतं आजारपणाचा थकवा आहे. हे वाचून झाल्याबरोबर ग्लुकोमीटर लावा. आकडा ७०च्या खाली असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, थेट हॉस्पिटल गाठा. आकडा ठीक असला तरी त्यांच्या डॉक्टरांना आजच फोन करा, जेवण इतकं कमी आहे तर गोळीचं काय करायचं ते विचारा. गोळी तुमच्या मनाने कायमची बंद करू नका, आणि जेवण नसताना न विचारता तशीच चालूही ठेवू नका; पुढची गोळी द्यायच्या आधीच डॉक्टरांना विचारा.

आता रिपोर्ट. ओसी४३ म्हणजे कोविड नव्हे. हॉस्पिटलातून आणलेला तो कागद पुन्हा हातात घ्या. अशा पॅनेलच्या, म्हणजे एकाच नमुन्यात अनेक जंतू शोधणाऱ्या तपासणीच्या रिपोर्टमध्ये वीसेक जंतूंची नावं एकाखाली एक असतात आणि प्रत्येकासमोर 'डिटेक्टेड' किंवा 'नॉट डिटेक्टेड' लिहिलेलं असतं. त्यात इन्फ्लुएन्झा असतो, आरएसव्ही असतो, ऱ्हायनोव्हायरस असतो. त्याच यादीत 'सार्स-कोव्ह-२' अशी एक वेगळी ओळ असते. कोविडचा विषाणू तो. त्या ओळीसमोर काय लिहिलंय ते वाचा. तिथे 'नॉट डिटेक्टेड' असेल, म्हणूनच तुमचे डॉक्टर 'हा तो नव्हे' म्हणाले. तुमच्या कागदावर ती ओळच नसेल तर कोविडची तपासणी वेगळी झाली होती का, एवढं त्यांना विचारून घ्या.

त्याच यादीत आणखी चार कोरोनाव्हायरस असतात: २२९ई, ओसी४३, एनएल६३ आणि एचकेयू१. कोविडशी त्यांचं नातं आडनावापुरतं आहे. आडनाव एक असलं म्हणून एकाच्या गुन्ह्यासाठी दुसऱ्याला कोणी धरत नाही. हे चौघे जगभर माणसांत कायमचे मुक्काम ठोकून आहेत आणि दरवर्षी सर्दी-खोकला देत असतात. मोठ्या माणसांना होणाऱ्या सर्दीत सगळ्यात मोठा वाटा ऱ्हायनोव्हायरसचा. त्याच्या मागोमाग हे चार येतात. सर्वसाधारण अंदाज असा की सर्दीच्या १०० आजारपणांमागे १५ ते ३० वेळा यांच्यापैकी कोणीतरी असतो. तुम्हाला, मला, त्या गेटवरच्या वॉचमनलाही ओसी४३ कधीतरी होऊन गेलेला आहे, बहुधा बालवाडीच्या वयातच पहिल्यांदा. तपासणी झाली नाही म्हणून नाव कळलं नाही, एवढंच.

कोणी सांगितलं कसं नाही, हे तुम्ही विचारलंत ते अगदी योग्य आहे, कारण ही माहिती साठ वर्षं जुनी आहे. इंग्लंडमध्ये सॅलिसबरीजवळ दुसऱ्या महायुद्धानंतर निव्वळ सर्दीचा अभ्यास करणारं एक केंद्र होतं, 'कॉमन कोल्ड युनिट'. निरोगी माणसं स्वखुशीने तिथे दहा-दहा दिवस राहायला येत. त्यांच्या नाकात सर्दीच्या रुग्णाचा स्राव थेंबाथेंबाने सोडायचे आणि मग त्यांनी किती कागदी रुमाल वापरले तेसुद्धा मोजायचे. १९६०च्या सुमारास एका शाळकरी मुलाच्या नाकातून घेतलेल्या नमुन्याने या लोकांना सर्दी व्हायची, पण त्यातला विषाणू नेहमीच्या पद्धतीने प्रयोगशाळेत वाढेना. डेव्हिड टायरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अखेर तो मानवी श्वासनलिकेच्या जिवंत तुकड्यांवर वाढवला आणि १९६५मध्ये ते प्रसिद्ध केलं. त्याच सुमारास शिकागोत डोरोथी हॅम्रे यांना वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या नमुन्यांत २२९ई सापडला. १९६७मध्ये अमेरिकेतच ओसी४३ सापडला, म्हणजे तुमच्या कागदावरचाच. लंडनच्या जून अल्मेडा यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली या विषाणूंची चित्रं टिपली. याआधी त्यांनी अशीच चित्रं पाठवली तेव्हा 'ही इन्फ्लुएन्झाची खराब निघालेली चित्रं आहेत' म्हणून ती नाकारली गेली होती. १९६८मध्ये या घराण्याला कोरोनाव्हायरस हे नाव मिळालं. उरलेले दोघे बऱ्याच उशिरा सापडले. एनएल६३ नेदरलँड्समध्ये एका सात महिन्यांच्या बाळात (२००४) आणि एचकेयू१ हाँगकाँगमध्ये ७१ वर्षांच्या गृहस्थात (२००५). सापडले उशिरा, पण होते आधीपासूनच.

२०२०पर्यंत हे आमच्या पुस्तकांत एका परिच्छेदाचं प्रकरण होतं. सर्दीच्या रुग्णाला विषाणूचं नाव सांगून उपचारात काही फरक पडत नव्हता, म्हणून आम्ही डॉक्टरांनी ते कधी सांगितलं नाही. आता मोठे पॅनेल तालुक्याच्या गावातल्या लॅबमार्फतही होतात, नाव थेट घरच्यांच्या मोबाइलवर येतं आणि ते नाव असं की ज्याने लोकांच्या घरातली माणसं नेली. अशा वेळी 'घाबरू नका, हा तो नव्हे' एवढं एक वाक्य पुरत नाही. रिपोर्ट देतानाच पाच मिनिटं बसून समजावणं हा उपचाराचाच भाग आहे, असं माझं ठाम मत आहे. तुमच्या कुटुंबाला ती पाच मिनिटं मिळायला हवी होती.

आता यजमानांचं म्हणणं. 'साधी सर्दी' हे तिशी-चाळिशीच्या माणसासाठी खरं आहे. संसर्गानंतर दोन-चार दिवसांनी नाक गळतं, घसा खवखवतो, अंग मोडून येतं, आठवड्यात माणूस कामाला लागतो. पण ७६ वर्षं, डायबेटीस आणि वर लागलेली धाप, हे साधं नव्हतं. तुम्ही त्यांना ॲडमिट केलंत हे बरोबरच केलंत.

२००३च्या उन्हाळ्यात कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, सरे नावाच्या शहरातल्या वृद्धाश्रमात खोकल्याची साथ आली. १४२ रहिवाशांपैकी ९५ आजारी पडले, शिवाय कर्मचाऱ्यांपैकी ५३. त्याच वर्षी कॅनडाने सार्सचा, म्हणजे कोरोनाव्हायरसच्याच घराण्यातल्या एका जीवघेण्या आजाराचा, तडाखा सोसला होता. सुरुवातीच्या काही चाचण्यांनी सार्सकडेच बोट दाखवलं आणि सगळे हादरले. नंतर उलगडा झाला की तो ओसी४३ होता, आणि घराण्यातल्या साम्यामुळे चाचणीची गल्लत झाली होती. पण त्या साथीत आठ वृद्ध दगावले, त्यातल्या सहा जणांना न्यूमोनिया झाला होता. हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. ती सगळी आधीच खूप थकलेली, आश्रमात राहणारी माणसं होती आणि तुमचे सासरे सुधारून घरी आलेत. पण 'उगाच बाऊ' म्हणून लक्ष काढून घेऊ नका, एवढं यजमानांना माझ्या नावाने सांगा. सोसायटीची भीती चुकीच्या आजाराची आहे, आणि यजमानांची बेफिकिरी चुकीच्या वयाच्या माणसाबद्दल आहे.

लक्ष द्यायचं म्हणजे काय? ऑक्सिमीटर असेलच घरात, २०२१पासून कपाटात पडलेला. सेल बदला. बोट गरम आणि कोरडं हवं, मिनिटभर स्थिर ठेवून आकडा वाचा. सकाळ-संध्याकाळ पुरे, दर तासाला लावून त्यांना आणि स्वतःला छळू नका. ९४च्या खाली सातत्याने आकडा येऊ लागला तर डॉक्टरांना कळवा. छातीचा भाता मोजा: ते शांत बसलेले असताना, त्यांना न सांगता, पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. पंचविसाच्या पुढे जात असेल तर वाट बघू नका. ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नका, म्हाताऱ्या माणसांना न्यूमोनियातही कधीकधी ताप येत नाही. अचानक बरळणं, दिवसभर ग्लानी, लघवी फारच कमी होणं, छातीत दुखणं, बरं वाटत असताना पुन्हा ताप उसळणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दाखवायचं.

औषधांबद्दल. या चौघांवर नेमकं मारक औषध नाही आणि लसही नाही. कोविडसाठी आलेली औषधं यासाठी नाहीत, फ्लूची ऑसेल्टामिविर तर नाहीच. मेडिकलवाल्याने दिलेली अझिथ्रोमायसिन वाया गेली, कारण अँटिबायोटिक बॅक्टेरियावर चालतं, विषाणूवर नाही. मार्च २०२३मध्ये आयएमएने, म्हणजे डॉक्टरांच्या देशव्यापी संघटनेने, नेमक्या याच अझिथ्रोमायसिनचं नाव घेऊन सांगितलं होतं की सर्दी-खोकल्यात ती घेऊ नका. तरी आपल्याकडे ती गोळी शेंगदाण्यासारखी काउंटरवरून जाते, आणि त्याची किंमत पुढे खरोखर गरज पडेल तेव्हा मोजावी लागते. मात्र हॉस्पिटलने डिस्चार्ज कार्डवर अँटिबायोटिक लिहून दिलं असेल तर ते 'व्हायरस आलाय ना' म्हणून स्वतः बंद करू नका. विषाणूने सुजलेल्या फुप्फुसात मागाहून बॅक्टेरिया शिरू शकतात. कदाचित एक्स-रेत सावली दिसली असेल. डॉक्टरांना विचारा की हे कशासाठी आणि किती दिवस. तो प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. कार्डवर स्टेरॉइड असेल तर साखर वर चढेल, म्हणून मोजणी वाढवा. वाफ घ्यायची असेल तर भांड्यातलं उकळतं पाणी मांडीजवळ ठेवून नको, त्यांचा हात थरथरला तर भाजेल. कोमट पाणी, मिठाच्या गुळण्या, बरं वाटत असेल तर मध, पण डायबेटीस आहे तेव्हा चमच्यापेक्षा जास्त नाही.

पुन्हा तपासणी करून 'निगेटिव्ह' आणायचा मोह होईल, सोसायटी तसं मागेलही. करू नका. हजारो रुपये जातात आणि उत्तर काही मिळत नाही. माणूस बरा झाल्यावरही विषाणूचे अवशेष नाकात काही आठवडे सापडू शकतात, म्हातारपणी तर जास्तच. ॲडमिट असताना ही तपासणी करण्यात अर्थ होता, कारण फ्लू किंवा कोविड असता तर त्यावर औषध आहे. घरी बसून सर्दी असलेल्या माणसाला तिचा काही उपयोग नाही.

वेगळं ठेवायचं का? नाही. कोविडच्या काळासारखं दार लावून, ताट बाहेर ठेवून, अजिबात नाही. हा आजार पसरतो खोकल्याच्या-शिंकेच्या तुषारांतून आणि हातांतून, आणि जास्तीत जास्त पसरतो तो पहिल्या काही दिवसांत. बाबांचे ते दिवस बहुतेक हॉस्पिटलात जायच्या आधीच सरले. खोकला चालू आहे तोवर माणसं जवळ असताना त्यांनी मास्क लावावा, टॉवेल वेगळा, नेब्युलायझर चालू असेल तर त्याचा मास्क दुसऱ्या कोणी वापरायचा नाही आणि रोज धुवायचा, खोलीची खिडकी उघडी. हात साबणाने धुवा. या विषाणूचं बाहेरचं आवरण चरबीचं असतं, साबणाने ते फुटतं आणि विषाणू निकामी होतो. तुमच्या मुलाला सर्दी झाली तरी त्या वयात ती बहुधा नेहमीच्या सर्दीसारखीच जाईल. तो आजोबांच्या खोलीत जाऊ दे, फक्त आठवडाभर तोंडाला तोंड लावून पापे नकोत. इमारतीत कोणाकडे तान्हं बाळ, केमोथेरपी चालू असलेला रुग्ण किंवा दम्याचा म्हातारा माणूस असेल तर त्यांच्याकडे काही दिवस बाबांना नेऊ नका. कुठल्याही खोकल्यात पाळावी एवढीच ही काळजी.

एकदा झाला म्हणजे परत होणार नाही, असंही नाही. त्याच सॅलिसबरीच्या केंद्रात काही जणांना २२९ई देऊन वर्षाने पुन्हा तोच दिला. बऱ्याच जणांच्या नाकात तो परत वाढला, पण सर्दी मात्र कोणाला झाली नाही. ॲम्स्टरडॅममध्ये काही निरोगी पुरुषांचं रक्त वर्षानुवर्षं साठवलं होतं. त्यात या चौघांविरुद्धची प्रतिपिंडं तपासली तेव्हा दिसलं की साधारण वर्षभराने पुन्हा संसर्ग होणं नेहमीचं आहे. तेव्हा बाबांना पुढच्या वर्षी पुन्हा खोकला आला तर धक्का बसू देऊ नका. फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोकोकसची (न्यूमोनिया करणाऱ्या एका बॅक्टेरियाची) लस एकदा त्यांच्या डॉक्टरांशी बोलून देऊन घ्या. ओसी४३ त्याने थांबणार नाही, पण या दोन मोठ्या शत्रूंचा धोका कमी होईल.

आणखी एक. असा खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो, त्यात नवल नाही. पण आपल्याकडे नियम सोपा आहे: खोकला दोन आठवड्यांच्या पुढे गेला की थुंकीची टीबीची तपासणी. डायबेटीस असणाऱ्यांना टीबीचा धोका जास्त असतो. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. बाबांचा खोकला लग्नानंतर सुरू झाला त्या तारखेपासून दिवस मोजा, डिस्चार्जच्या तारखेपासून नव्हे.

आता बाबा. त्यांचं न जेवणं मला आजारापेक्षा जास्त काळजीचं वाटतं. ज्या माणसाची बायको ॲम्ब्युलन्समध्ये बसून गेली आणि परत दिसलीच नाही, त्याला 'घाबरू नका' म्हणून भीती जात नाही. त्यांच्या शेजारी बसा. चष्मा द्या, रिपोर्ट त्यांच्या हातात द्या आणि कोविडच्या ओळीवर बोट ठेवून त्यांना स्वतः वाचू द्या. सांगा की तुम्हाला कोणी नेणार नाही, परत हॉस्पिटलची वेळ आली तर आमच्यापैकी एक जण तुमच्या खाटेशी बसेल, आणि हे बोलणं यजमानांनी करावं, कारण वडील ते मुलाच्या तोंडून ऐकायला थांबलेत. सासूबाईंचं नाव निघालं तर विषय बदलू नका. इतकी वर्षं घरात त्याबद्दल कोणी बोललं नसेल तर आता बोला, रडले तर रडू द्या. ताट आतबाहेर करू नका, सगळ्यांबरोबर पानावर बसवा. एकदम पोळी-भाजी जाणार नाही. मऊ भात-वरण, मुगाची खिचडी, ताक, थोडं थोडं आणि दर दोन-तीन तासांनी. आठवड्याभरात जेवण सुधारलं नाही, झोप उडाली, जगण्यात अर्थ नाही असं बोलू लागले, तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. वयाचा दोष म्हणून सोडू नका.

सोसायटीच्या ग्रुपवर वाद घालू नका आणि रिपोर्टही पुन्हा टाकू नका, तो बाबांचा खाजगी कागद आहे. सेक्रेटरींना एवढंच लिहा: 'बाबांना ओसी४३ नावाच्या जुन्या सर्दीच्या विषाणूचा संसर्ग झाला होता. हा कोविड नाही. डॉक्टरांनी विलगीकरण सांगितलेलं नाही. ते सुधारत आहेत. शंका असल्यास मला फोन करा.' जमलं तर तुमच्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर दोन ओळी घ्या, पुष्कळांचं समाधान शिक्क्याने होतं. २०२५च्या जानेवारीत एचएमपीव्ही या सर्दी-खोकल्याच्या विषाणूच्या बातम्या आल्या तेव्हाही अशीच धावपळ झाली होती. तो विषाणू २००१पासून ठाऊक असलेला होता, आणि महिन्याभरात सगळे विसरले. हेही विसरतील.

कामवाल्या मावशींना उद्या बोलावून घ्या. त्यांना स्वतः फोन करा, गेटवरच्या माणसाकडून निरोप नको. त्यांच्या घरी कोणी आजारी किंवा तान्हं आहे का विचारा, असेल तर आणखी आठवडाभर बाबांच्या खोलीचं काम त्यांना देऊ नका. आणि ज्या दिवशी त्यांना गेटवरून परत पाठवलं, त्या दिवसांचे पैसे कापू नका.